छापलेली चूक खोडायला खजुरीला

खजुरीच्या नीलाक्कांवर अन्याय झाला. कार्तिक वद्य पंचमीला, मंगळवारी, दुपारी चारच्या सुमारास, सोलापुरातल्या एका छापखान्यात झाला. सरकारनं केला नाही, सावकारानं केला नाही. मी केला.

त्या दुपारी सुगंधाबाईंच्या चरित्राची पुस्तिका मशीनवर चढत होती. सुगंधाबाई कोण हे सांगायला नकोच. पण ज्यांनी नुसतं नाव ऐकलंय त्यांच्यासाठी सांगते. खजुरीच्या एका शेतकऱ्याची मुलगी, लहानपणी लग्न होऊन सोलापुरात आली, गिरणीतल्या बायकांना घेऊन रस्त्यावर बसली, तुरुंगात गेली, आणि आज देशातल्या पहिल्या रांगेतल्या पुढाऱ्यांत तिला मान आहे. दिल्ली-मुंबईला तिच्या शब्दासाठी लोक थांबतात. फक्त स्वतःच्या जन्मगावी तिला जाता येत नाही, कारण निजामाच्या राज्यात तिला बंदी आहे.

पुस्तिका सोळा पानांत बसवायची होती आणि मजकूर अर्ध्या पानानं वाढत होता. जुळारी म्हणाले, "मालतीबाई, काहीतरी कापा, नाहीतर उद्यावर गेलं." सुगंधाबाईंनी स्वतःच्या हातानं लिहून दिलं होतं, की गावातल्या नीलाक्का नावाच्या बाईंनी मला अक्षर शिकवलं, कसं शिकवलं, कुठं बसून शिकवलं. मी ते सगळं कापलं आणि त्या जागी एकच ओळ घातली : 'ज्या गावात एकाही बाईला अक्षर ठाऊक नव्हतं, त्या अंधारातून ही ज्योत निघाली.' मला ती ओळ फार आवडली होती. सभांमधून तिला टाळ्या पडल्या. ओळ खोटी होती.

महिन्याभरानं सुगंधाबाईंचं पत्र आलं. 'नीलाक्का कुठं गेल्या? मला जाता येत नाही. तू जा. पाय धर.' एवढंच. खाली सही. मला राग आला. अर्ध्या पानासाठी इतकं? निजामाच्या मोगलाईतल्या खेड्यातली एक म्हातारी, तिच्यापर्यंत पुस्तिका पोचली तरी असेल का? असं म्हणत म्हणतच मी पिशवी भरली. त्या माझ्या ओळीनं नीलाक्कांच्या मुलींचा वर्ग आणि बसायची जागा दोन्ही हिरावून घेतली होती, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

नळदुर्गाचा नाका

सोलापुराहून निघालेली सर्व्हिस मोटार कोळशाच्या गॅसवर चालणारी. मागं लोखंडी पिंप, त्यात कोळसा, आणि चढ आला की ड्रायव्हर खाली उतरून भट्टी ढवळणार, आपण उतरून ढकलणार. मी तीनदा ढकलली. चौथ्यांदा शेजारची बाई म्हणाली, "आता बस की गं, पुरुष हायत."

त्या बाईनं नळदुर्ग येईपर्यंत माझं गाव, आईचं गाव, वय, लग्न झालं नाही ते कामून, हे सगळं काढून घेतलं. सोलापुरात आमच्या चाळीत एका भिंतीला दोन बिऱ्हाडं असतात आणि वर्षभर नाव ठाऊक नसतं. इथं मोटारीतल्या बाकावर बसलात की तुम्ही नात्यात आलात. आधी मला वैताग आला. नंतर लक्षात आलं, की उमरग्याला उतरल्यावर रात्रीचा मुक्काम कुठं करायचा हा प्रश्न तिनं मला न विचारताच सोडवून टाकला होता. मी तिच्या घरी जेवले आणि तिच्या सासूशेजारी झोपले.

नाक्यावर करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, शिपायानं माझी पिशवी उपडी केली. छापील कागद हाय का, म्हणाला. नव्हता; तेवढी अक्कल होती. शेंगाच्या चटणीचा डबा सापडला. त्यानं झाकण काढलं, वास घेतला, चिमूटभर तोंडात टाकली आणि माझ्याकडं असं बघितलं की कायद्यात बसलं असतं तर त्यानं डबाच जप्त केला असता. जुलमी राज्याबद्दल मी चार पत्रकं लिहिली आहेत. त्यातल्या एकाही पत्रकात चटणी आवडणारा शिपाई नाही.

खजुरी, येळवशीचा दिवस

उमरग्याहून हणमंतअण्णांची बैलगाडी केली. हणमंतअण्णा पन्नाशीचे, बैलांशी कन्नडात बोलणारे आणि माझ्याशी मराठीत.

"एकटी कामून जायलीस, ताई?"

"काम आहे."

"कसलं?"

"एकीची माफी मागायची आहे."

ते म्हणाले, "माफीला गाडी करून जाणारी पयलीच बघायलोय. आमच्याकडं लोक शेजारच्या घरात जाईनात."

दोन्ही बाजूंना शाळू उभा. कणसं भरलेली, करडई पिवळी व्हायला लागलेली, मधूनच तुरीचे पट्टे. काळी जमीन इतकी भेगाळलेली, की चाक अडकलं की दोघांनी उतरायचं. आणि खजुरीत शिरलो तर गावात माणूस नाही. दारं लोटलेली, कुत्रीसुद्धा गायब. मला वाटलं साथ आली की काय.

हणमंतअण्णा हसून हसून गाडीतून पडायचे राहिले. "आज येळवस हाय न्हवं! गाव शेतात हाय सगळं."

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. मार्गशीर्षातल्या या अमावस्येला इथलं झाडून सारं गाव शेतात जातं. कडब्याची खोप करायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडून पांडव म्हणून पुजायचे, शेतभर आंबील शिंपडत कन्नडात आरोळ्या द्यायच्या, आणि मग जेवायचं. मी सोलापूरची असून ही गोष्ट नुसती ऐकून होते. गावाबाहेर पहिल्याच शेताच्या बांधावर आम्ही पोचलो तोच एक पंचेचाळिशीतली बाई धावत आली आणि माझं मनगट धरलं. "येळवशीला शेतावरनं उपाशी जायचं न्हाई. कोण हाईस ते नंतर सांग."

भज्जी म्हणजे काय ते इथं समजलं. आपल्याकडची तळलेली भजी नव्हे. ओले हरभरे, तूर, वाटाणा, घेवडा आणि बांधावर सापडेल तेवढी सगळी पालेभाजी, बेसन लावून एकत्र रटरट शिजवलेली. सोबत बाजरीचे उंडे, वर मडक्यातली गार आंबट आंबील. मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. तिसऱ्यांदा नको म्हटलं तर त्या बाईनं माझ्या हातावरूनच वाढलं. तिचं नाव भागीरथीबाई. ती गावची पाटलीण, आणि समोर घोंगडीवर बसलेले, पांढऱ्या मिशांचे, ते बसवंतअप्पा पाटील.

"नीलाक्का कुठल्या शेतावर असतील?" मी विचारलं.

पाटीलअप्पांनी तांब्या खाली ठेवला.

"ती गेली मुडबीला. बहिणीच्या लेकीकडं."

"का?"

"का काय? तिनं आमाला फसवलं म्हनून." आणि ते सांगू लागले. बसवण्णाच्या देवळाची एक ओवरी त्यांच्या बापानं नीलाक्काला दिलेली. तिथं ती गावच्या पोरींना घेऊन वाकळा शिवायला बसायची आणि शिवता शिवता अक्षर शिकवायची. सुगंधाबाई मोठी झाल्यावर पाटील गावोगाव सांगत सुटले, की ह्या आमच्या ओवरीतून निघाली ती. "परवा लेकीच्या सासरी गेलो, उमरग्याला. चारचौघांत जावयानं पुस्तक काढलं आन् वाचलं. 'त्या गावात एकाही बाईला अक्षर न्हाई.' सगळे हसायलेत. मला मराठी वाचायला येत न्हाई, उर्दू येतंय. पर छापल्यालं हाय म्हटल्यावर काय बोलायचं? घरी आलो, अक्काला म्हटलं, तू शिकिवलंस ते समदं खोटं, ओवरी सोड. तुरीची पोती टाकली तिथं."

घास तोंडात फिरत होता. पुस्तक कुठल्या तरी बैलगाडीत लपून नाक्याच्या नाकावर टिच्चून इथवर आलं होतं. एरवी मी त्या बातमीनं नाचले असते.

"ते पुस्तक मी लिहिलंय," मी म्हटलं. "आणि ती ओळ खोटी आहे."

पाटील उठून उभे राहिले. तेवढ्यात भागीरथीबाई म्हणाली, "बसा. तिचं जेवण झालं न्हाई. आधी जेवू द्या, मग भांडा."

ते खरोखर बसले. मी जेवले. मग ते भांडले. तासभर भांडले. शेवटी म्हणाले, "तू म्हनतीस खोटं. पुस्तक म्हनतंय खरं. अक्का तर न बोलता गेली. तिला आण. देवळात बसू. मग बघू पोती काढायची का न्हाई."

मुडबी

खजुरीहून मुडबीला पोचायला एक मुक्काम करावा लागला. वाटेत काळी जमीन संपते आणि तांबडी लागते; हणमंतअण्णांच्या बैलांचे पाय गुडघ्यापर्यंत शेंदूर लावल्यासारखे झाले. वाटेवरच्या एका वस्तीवर हुरडा मिळाला. गोवऱ्यांच्या आरात भाजलेली कणसं तळहातावर चोळून, गरम गरम. मी माझी चटणी काढली. हणमंतअण्णा म्हणाले, "आता समजलं तो शिपाई तसा कामून बघायला होता."

नीलाक्का भाचीच्या अंगणात सापडल्या. लहानखुऱ्या, कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, नाकावर दोऱ्यानं बांधलेला चष्मा. मांडीवर वाकळ. मी वाकून पाय धरले आणि पाठ केलेली माफी सुरू केली. चांगली लिहिली होती मी ती.

"पाय सोड," अक्का म्हणाल्या. "सुईत दोरा घाल. मला दिसंना."

मी दोरा घातला. त्यांनी शिवायला सुरुवात केली आणि मला सगळं सांगायला लावलं. मी सांगितलं. सोळा पानं, अर्धं पान, ती ओळ.

"मग माझं नाव बसंना म्हनून काढलं?"

"हो."

"आन् त्या जागी खोटं बसवलं. ते बरं बसलं." त्या हसल्या, आणि ते हसणं मला मारल्यापेक्षा जास्त लागलं. "नाव घेऊन काय करू मी, पोरी? नाव न्हाई छापलं तरी चालतंय. ओवरी पायजे मला. सात पोरी होत्या. आता त्या घरी बसून शेण थापायल्यात."

भाची म्हणाली, इथं तिचाही असाच वर्ग आहे, आणि पुस्तिका इथंही वाचली गेली. तिघींच्या बापांनी मुली काढून घेतल्या. खजुरीतच खोटं निघालं तर तू काय शिकवणार, म्हणाले.

मी मग विचारलं, वाकळीतून शिकवतात कसं? अक्कांनी मांडीवरचं उलगडून दाखवलं. वाकळ म्हणजे जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून धावदोऱ्यानं शिवलेलं पांघरूण. पोरगी आधी राखेत बोटानं अक्षर काढते. ते वळलं की मधल्या थरावर, दोऱ्यानं. मग वरून दुसरं लुगडं येतं आणि अक्षर झाकलं जातं. "खाजगी शाळा म्हटलं की परवानगी आणा म्हनतेत. वाकळीला कोण परवानगी मागतंय?"

एकदा पोलिसांचा अमीनसाहेब तपासाला आला होता. कोणीतरी चुगली केली होती. पोरी रडायला लागल्या. आठ-नऊ वर्षांची सुगंधा मात्र वाकळीवर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "साहेब, थंडी लई हाय, तुमच्या घरला एक पायजे का?" साहेबाला पाहिजे होती. त्यानं खरंच मागवली. "बाराखडी हाय आत सगळी," अक्का म्हणाल्या. "चार हिवाळे निजला असंल बाराखडी पांघरून. शिकला का न्हाई, बसवण्णाला ठाऊक."

मी पोट धरून हसले. सुगंधाबाई मोठमोठ्या बैठकांत, भाषणं लांबली की पिशवीतून चिंधी काढून टाके घालत बसतात. वर्तमानपत्रवाले त्याची टिंगल करतात. मला स्वतःला त्याची लाज वाटायची. मी अक्कांना हे सांगितलं.

"टाके बारीक घालती का अजून मोठेच?"

"मोठे."

"घाईची हाय ती. पयल्यापासनं." एवढं म्हणून त्यांनी वाकळीची घडी घातली. "चल. गाडी जोडायला सांग."

पुन्हा खजुरी

सकाळची न्याहारी झाल्यावर देवळाच्या अंगणात गाव जमलं. पुरुष पारावर, बायका ओवऱ्यांच्या कडेनं. पाटलांनी पुस्तिका आणली होती. मी ती ओळ मोठ्यानं वाचली, ही मी लिहिली, ही खोटी आहे असं सांगितलं, आणि सगळ्यांसमोर दौतीत टाक बुडवून खोडली.

पाटील समाधानी झाले नाहीत. खरं सांगायचं तर त्यांचं बरोबर होतं. "तू आज येऊन खोडायलीस. उद्या दुसरी येऊन आनखी काय लिहील. शाई तुमचीच, कागद तुमचाच. खरं कुठलं ते आमी कसं वळखायचं?"

एवढी पत्रकं लिहिली, पण हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता.

अक्का पाटलीणबाईंकडं वळल्या. "भागू, तुझ्या सासूच्या वेळची निळी वाकळ हाय का घरात?"

भागीरथीबाई गेली आणि घेऊन आली. अक्कांनी विळ्याच्या टोकानं कडेचे टाके उसवले, वरचं निळं लुगडं मागं सारलं. आतल्या विटक्या कापडावर लाल दोऱ्याची अक्षरं होती. वेडीवाकडी, टाके मोठे. पाटील वाकून बघत राहिले.

"काय लिव्हलंय?" त्यांनी मला विचारलं.

मी तोंड उघडणार, एवढ्यात मागून आवाज आला. सावकाश, पण न अडखळता. "सुगंधा आन् भागीरथी. बसवण्णाची ओवरी. अक्कांनी शिकिवलं."

पाटीलअप्पा वळले. मागं भागीरथीबाई उभी होती.

"तुला वाचायला येतंय?"

"येतंय."

"कवापासनं?"

"लगीन होऊन आले तवापासनं. सासूबाईंनीच धाडलं वाकळ शिवायला."

"मग मी ते पुस्तक जावयाकडनं वाचून घेतलं, चारचौघांत नाक कापून घेतलं, घरात आणून फडताळात ठेवलं..."

"ते बी वाचलं मी. दोनदा."

"आन् बोलली न्हाईस? कामून?"

भागीरथीबाईनं पदर सारखा केला. "तुमी इचारलं न्हाई."

आधी कोणीतरी म्हातारी फिसकन हसली. मग एकीनं दुसरीला ढकललं, "सांग की गं, तुला बी येतंय." मग तिनं तिसरीकडं बोट केलं. पारावरचे पुरुष आपापल्या बायकांकडं असे बघत होते, जणू त्या आत्ताच परगावाहून आल्यात. हणमंतअण्णा माझ्या कानात म्हणाले, "उमरग्याला गेल्या गेल्या घरी इचारतो बाबा."

आणि पाटील? मला वाटलं संतापतील. ते खाली बसले, वाकळ मांडीवर घेतली, आणि जाडजूड बोट त्या अक्षरांवरून फिरवलं. "हिच्यात निजत आलोय मी इतकी वर्षं," म्हणाले. मग उठून पहिलं पोतं स्वतःच्या पाठीवर घेतलं. दुपारपर्यंत ओवरी झाडून झाली. सातातल्या पाच पोरी त्याच दिवशी बसल्या. मी भागीरथीबाईच्या हातचं पुन्हा जेवले, आणि या वेळी घास नीट उतरला.

निघताना पाटील गाडीपर्यंत आले. "बाई, माझ्या घरातलं मला वाकळीनं दावलं. पर मुडबीवाल्यांकडं ही वाकळ न्हाई. त्यांच्याकडं तुझं पुस्तक हाय. तिथल्या पोरी कोण परत आणंल?"

मी सोलापूरला परतले तेव्हा अंग दुखत होतं आणि मन फार दिवसांनी खूश होतं. सुगंधाबाईंना सगळं कळवलं. दुसऱ्या छपाईत नीलाक्कांचा मजकूर पुरा येईल, मग अठरा पानं होवोत नाहीतर वीस. पण पहिल्या छपाईच्या प्रती माझ्या हातात नाहीत. त्या तुमच्या हातात आहेत : सोलापुरात, लातुरात, उदगीरला, आळंदात, मुडबीत. तुम्ही त्या वाचून दाखवल्यात, टाळ्या वाजवल्यात, आणि तुमच्या त्या टाळ्यांनी मुली घरी बसल्या. लिहिण्याची चूक माझी; पण वाचून पसरवलीत तुम्ही.

तेव्हा आत्ता उठा. पुस्तिका काढा. 'एकाही बाईला अक्षर ठाऊक नव्हतं' ही ओळ शाईनं खोडा, आणि वर लिहा : खजुरीत नीलाक्कांनी शिकवलं. ज्या ओट्यावर, ज्या पारावर ती वाचून दाखवली होती तिथंच पुन्हा न्या. पण या वेळी तुम्ही वाचू नका. घरातल्या बाईच्या हातात द्या, तिला विचारा, "तुला वाचता येतं का?" आणि ती उत्तर देईपर्यंत तोंड मिटून उभे राहा.